लशीमागचं वासरू

2021 च्या जून महिन्यात एक प्रश्न आपल्याकडे घरोघरी फिरत होता. दुसऱ्या लाटेमुळे बस्त्या बंद होत्या, त्यामुळे बायकांचं बोलणं फोनवर नाहीतर दारातल्या दारात. "काय ओ अक्का, त्या कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रगात हाय म्हणं, खरं व्हय?" कुणी म्हणायचं दुसरी लस घ्या, कुणी म्हणायचं कुठलीच नको. महिन्याच्या मध्यावर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला. नवजात वासराच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, फक्त पेशी वाढवायला वापरतात. मग त्या पेशी पुन्हा पुन्हा धुतात, त्यांच्यात विषाणू वाढवतात, आणि तयार लशीत सीरम उरत नाही. खुलासा बरोबर होता. तो वाचून पुष्कळजणींना हायसं वाटलं आणि बोलणं बंद झालं.

मला मात्र त्याच्या पुढचं बोलायचं आहे.

आपण विचारलं काय होतं? "लशीत वासराचं काही आहे का?" उत्तर आलं, नाही. पण त्या वासराचं काय झालं, हे आपल्यातल्या कुणी विचारलं नाही. असं सीरम साधारणपणे कत्तलखान्यात आलेल्या अगदी लहान वासरांच्या रक्तातून काढतात. ते लशीत उरो किंवा न उरो, वासराच्या बाजूने बघितलं तर काय फरक पडला? आपला प्रश्न आपल्या शरीरात काय जाणार याचा होता. दुसऱ्याच्या शरीरावर काय गेलं, याचा नव्हता.

हे दोन प्रश्न आपण नेहमी एकमेकांत मिसळतो. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका आहे का बघतो. औषधाच्या कॅप्सूलचं कवच कशाचं आहे ते विचारतो. केक अंड्याचा आहे का, आमटीत कांदा-लसूण पडलाय का, हे आपल्या जिभेवर असतं. ही सवय चांगली आहे, आणि ती टिकवली कुणी? घरातल्या बायकांनीच. पण यात एक धोका आहे. माझ्या ताटात काही येऊ नये एवढ्यावर लक्ष राहिलं, की ते सोवळं होतं. अहिंसेचं तोंड दुसऱ्या जिवाकडे असतं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेपर्वाई, आधी सांगितली आहे आणि प्राण जाणं नंतर. जीव गेला यापेक्षा आपण कसं वागत असताना गेला, याला तिथे जास्त वजन आहे. विचारायचंच नाही असं ठरवून स्वस्थ बसणं हासुद्धा प्रमादच की.

या प्रश्नासाठी लांब जायला नको. संकेश्वरहून हायवेने पन्नासेक किलोमीटर गेलं की बेळगाव. तिथे टिळकवाडीत 'व्हॅक्सिन डेपो' म्हणून मोठं आवार आहे. जुनी झाडं, सकाळी फिरायला येणारी माणसं, सीमाभागाच्या मेळाव्यांमुळे सगळ्यांना माहीत असलेलं मैदान. रोज त्याचं नाव घेणाऱ्यांना ते नाव कशावरून पडलं याचा विसर पडला आहे. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यासाठी देवीची लस तिथे तयार होत असे, आणि ती तयार होत असे जनावराच्या अंगावर. वासराच्या पोटाकडचे किंवा कुशीवरचे केस काढायचे, कातडीवर ओरखडे काढायचे, त्यावर विषाणू चोळायचा. काही दिवसांनी फोड भरून आले की ते खरवडून घ्यायचे, ग्लिसरीनमध्ये घोटायचे आणि नळ्यांत भरून गावोगाव पाठवायचे. देशात पुढे याच कामासाठी रेडकंही वापरली गेली. सत्तरच्या दशकात देवीविरुद्धची शेवटची मोठी मोहीम चालली, तेव्हाही देशात वाळवलेली लस बनवणाऱ्या मोजक्या चार संस्थांत बेळगाव होतंच.

आपला 'लस' हा शब्दसुद्धा बघा. जखमेतून, फोडातून जो पाणचट द्रव वाहतो त्याला आपली आजी लस म्हणायची. "फोड फुटला, लस आली." तोच शब्द इंजेक्शनला चिकटला, कारण पूर्वी हातात जायचा तो खरोखर फोडातलाच द्रव होता. इंग्रजी शब्दाचंही तेच. लॅटिनमध्ये गाईला वाक्का म्हणतात, त्यावरून व्हॅक्सिन. 1796 मध्ये इंग्लंडात जेन्नर नावाच्या डॉक्टरने गाईपासून दूध काढणाऱ्या बाईच्या हाताला आलेल्या फोडातला द्रव एका मुलाच्या हातावर टोचला आणि मुलगा देवीपासून वाचला. सहा वर्षांनी, 14 जून 1802 रोजी, ही लस मुंबईत पोहोचली आणि अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या हाताला टोचली गेली. तिच्या हातातल्या फोडातून दुसऱ्या मुलांना, त्यांच्याकडून तिसऱ्यांना, अशी ती हिंदुस्थानात पसरली. लहान मुलांच्या हातांची अशी साखळी चालवणं कठीण, आणि त्यातून एकाचा रोग दुसऱ्याला लागायचा. म्हणून पुढे हे काम वासरांवर गेलं.

देवी म्हणजे काय होतं, हे आता सांगायला फार कमी जण उरले आहेत. मोठ्या देवीत दहातली तीन माणसं जायची. जगली त्यांच्यापैकी कितीजणांचे डोळे गेले, तोंडं कायमची खरबरीत झाली. मुलींचं लग्न त्या वणांवरून मोडायचं. 1974 साली एवढ्या एका वर्षात देशात दीड लाखाहून जास्त लोकांना देवी आल्या. 1975 च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला, आणि 8 मे 1980 रोजी जगातून देवी गेल्या असं जाहीर झालं. सत्तर सालाआधी जन्मलेल्या कुठल्याही काकूंच्या हातावर बघा, नाण्याएवढे वण दिसतील. त्या वणामागे कुठेतरी एक वासरू आहे.

हे एकट्या वासराचं नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, ते आपल्या पिढीला आठवतं. ती लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून करत. 2004 च्या अखेरीस ती आपल्या देशात बंद झाली. पोलिओची लस शोधताना आणि बनवताना माकडांची मूत्रपिंडं लागली, आणि ती माकडं मोठ्या संख्येने आपल्याच देशातून परदेशी गेली. 1978 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली.

आणि परवाचा कोविड. कोव्हिशील्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. तिच्यातला वाहक विषाणू मूळचा चिंपांझीचा. त्याला शरीरात वाढता येणार नाही असा बदल करून, त्याच्यावर कोरोनाची ओळख बसवली आहे. कोव्हॅक्सिनमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचा मोठा वाटा. ती लस माणसांवर वापरण्याआधी माकडांवर बघायची होती, आणि माकडंच मिळेनात. टाळेबंदीत शहरं बंद, खायला घालणारी माणसं नाहीत, म्हणून वानरसेना जंगलात पांगलेली. शेवटी महाराष्ट्राच्या वनखात्याच्या मदतीने नागपूरच्या बाजूला ती सापडली. वीस माकडं, पाच-पाचचे चार गट. तीन गटांना लस दिली, चौथ्याला दिली नाही. मग सगळ्यांना जिवंत विषाणू दिला. लस घेतलेल्यांची फुप्फुसं वाचली, न घेतलेल्यांना न्यूमोनिया झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की या यशाच्या गोष्टीत नायक फक्त माणसंच नाहीत, ती वीस माकडंही आहेत. एवढं तरी त्यांनी लिहिलं, हे मला मोलाचं वाटतं.

आता खरा प्रश्न. हे सगळं माहीत झाल्यावर श्राविकेने काय करायचं?

पहिलं उत्तर सोपं वाटतं: घ्यायचीच नाही. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः हिंसा केली नाही, करवून घेतली नाही, पण लस घेतली म्हणजे अनुमोदना झालीच ना? म्हणून हात आखडता घ्यावा. असं म्हणणाऱ्यांची मी थट्टा करणार नाही. त्यांनी निदान वासराकडे पाहिलं. पण थोडं पुढे जाऊन बघू. आज जन्मलेल्या मुलाला देवीची लस टोचत नाहीत. ज्याने आयुष्यात एकही इंजेक्शन घेतलं नाही, तोही देवीशिवाय जगतो. त्याच्या तोंडावर वण नाहीत, त्याचे डोळे शाबूत आहेत, आणि हे त्याला बेळगावच्या त्या वासरांनी दिलं आहे. ते परत कसं करणार? नाकारून आपण मोकळ्या होत नाही. ऋण आपण जन्मायच्या आधीच आपल्या नावावर चढलं आहे. शिवाय मी लस घेतली नाही आणि माझ्यामुळे शेजारच्या तान्ह्या बाळाला गोवर लागला, तर ती हिंसा कुणाच्या खात्यावर?

दुसरं उत्तर दुसऱ्या टोकाचं: माणसासाठी सगळं चालतं, जनावरं त्यासाठीच असतात. हे उत्तर इतरांना चालत असेल, आपल्याला चालणार नाही. माकड पंचेंद्रिय, मन असलेला जीव. त्याला भीती कळते, पिल्लू कळतं. त्याला पिंजऱ्यात घालून मुद्दाम रोग देणं, याला छान नाव देता येणार नाही. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला पहिली पूर्ण सोडायला सांगितली आहे, बाकीच्या तीन जितक्या कमी होतील तितक्या कमी करायला. आपण या भागातले जैन बहुतेक शेतकरी. नांगर धरला की मातीतले जीव जातात, उसावर औषध मारलं की जातात, चूल पेटवली की जातात. ते आपण उद्योगी आणि आरंभी हिंसेत धरतो. मग माकडावरचा प्रयोग कुठे धरायचा? रोगाशी लढाई म्हणून विरोधी म्हणावं, तर त्या माकडाने आपल्यावर हल्ला केला नव्हता. पोट भरायचा उद्योगही तो नव्हे. मला तो कुठल्याही सोयीच्या घरात बसवता येत नाही, आणि बसवू नये असंच वाटतं. घर सापडलं की मन गप्प होतं.

मधेच एक गोष्ट सांगते, म्हणजे हिशेब एकतर्फी होणार नाही. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या गोठ्यांतून किती गाई-बैल गेले ते तुम्ही पाहिलंय. अंगभर गाठी, पायाला सूज, दूध आटलेलं. तेव्हा जनावरांचे डॉक्टर दारोदार फिरून जी लस टोचत होते ती शेळ्यांच्या देवीच्या विषाणूपासून केलेली होती. दोन्ही विषाणू एका कुळातले, म्हणून शेळीची लस गाईला उपयोगी पडली. बुळकांडीने पूर्वी गावंच्या गावं गुरांवाचून ओस पडायची. तिच्यावर मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत बकऱ्यांमध्ये विषाणू वाढवून लस केली, आणि पुढच्या सुधारलेल्या लशींच्या जोरावर 2011 मध्ये हा रोग जगातून गेला. म्हणजे विषाणूंच्या अभ्यासाने जनावरांनाही दिलं आहे. पण ज्या जनावराने सोसलं त्यालाच ते परत मिळालं, असं नाही. शेळीने सोसलं, गाय वाचली. हिशेब जुळतो, पण शेळीला विचारून नाही.

मग तिसरा रस्ता कोणता? तो आपल्याच स्वयंपाकघरात आहे. आपण पाणी गाळून घेतो. का? पाण्यात जीव आहेत म्हणून. मग पाणी पिणं सोडतो का? नाही, पाण्याशिवाय जगता येत नाही. पण गाळल्यावर कापड तसंच झटकून टाकत नाही. त्यावर राहिलेले जीव, जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत हळूच परत सोडायचे, अशी जुन्या बायकांची रीत. नळ आल्यापासून ती मागे पडली. पण त्या रीतीत तीन गोष्टी आहेत. गरज आहे हे मान्य करायचं. गरजेपेक्षा जास्त घ्यायचं नाही. आणि ज्यांचं घेतलं त्यांना जेवढं परत देता येईल तेवढं द्यायचं.

लशीला हे तिन्ही लावून बघा.

गरज कुठे आहे आणि कुठे नाही, हे वेगळं काढायचं. बाळाची गोवराची लस ही गरज. लिपस्टिक आणि शांपू ही गरज नव्हे. त्यांच्यासाठी सशाच्या डोळ्यात रसायन घालणं आपल्या देशात 2014 पासून बंद झालं, ते योग्यच झालं. दोन्हीला "प्राण्यांवरचे प्रयोग" असं एकच नाव देऊन दोन्ही चालवून घेणं किंवा दोन्ही धिक्कारणं, हा आळस आहे.

वाया घालवायचं नाही. कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे, आणि कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागायची. नाव नोंदवून न जाणारी बाई कुणाचा तरी वाटा गटारात टाकत होती. मुलाच्या लशीची तारीख पाळणं हे आपल्याकडून सहज होण्यासारखं काम आहे. अन्न ताटात टाकू नये असं मुलांना शिकवतो, तसंच हे.

आणि परत द्यायचं. इथे विज्ञानाने आपल्या बाजूने बरीच वाट चालून ठेवली आहे, हे आपल्याला ठाऊक हवं. 1959 मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी प्रयोगांसाठी तीन नियम मांडले: प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, प्राणी लागलेच तर कमीत कमी घ्या, आणि घेतले तर त्यांचा त्रास कमीत कमी करा. श्रावकाच्या अणुव्रतात हे सहज बसतं. 1962 मध्ये जपानमध्ये एका आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडापासून पेशींचा एक वंश तयार केला, त्याला व्हेरो म्हणतात. त्या पेशी आजही वाढत आहेत. कोव्हॅक्सिनचा विषाणू त्यांच्यातच वाढवला, रेबीजच्या आजच्या लशीही बऱ्याचशा त्यांच्यातच होतात. एका माकडाने पुढच्या कितीतरी माकडांची आणि मेंढ्यांची जागा घेतली. वासराच्या सीरमशिवाय पेशी वाढवायचे द्रवही आता मिळतात. आपल्या देशात 2023 मध्ये औषधांच्या चाचणीचे नियम बदलले आणि प्राण्यांऐवजी पेशींवरच्या, संगणकावरच्या पद्धतींना जागा मिळाली.

यात आपला हात कुठे लागतो? आपल्या मुलींमधून. बेळगावला, कोल्हापूरला किती मुली बी. फार्म. आणि बायोटेक्नॉलॉजी शिकतायत! त्यांना घरून काय सांगतो आपण? "चांगले मार्क पाड आणि पुण्याला नोकरी बघ." त्याच्या जोडीला एवढंही सांगता येईल: बाई, तुझ्या टेबलावर उंदीर किंवा ससा आला तर आधी विचार, याच्याशिवाय हे काम होईल का? वीस लागतात म्हणतात, बाराने भागेल का? त्याला भूल नीट दिली आहे का? हे विचारणारी एक मुलगी प्रयोगशाळेत असली, तर पांजरपोळाला दिलेल्या देणगीपेक्षा कमी पुण्य नाही. देणगीही द्यावी. पण देणगी देऊन प्रश्न विकत घेता येत नाही.

मुनी महाराजांचा मार्ग वेगळा. ते महाव्रती, त्यांनी काय घ्यावं, काय सोडावं हे त्यांचं तप ठरवतं, आणि त्यापुढे आपण मान लववतो. आपण मात्र लेकरांच्या आया आहोत. महाराजांची सवलत आपल्याला नाही आणि त्यांचा त्यागही आपल्याला झेपणारा नाही. त्यांच्यासारखं बोलून, आपल्यासारखं वागणं, हे मात्र टाळता येईल.

म्हणून मला वाटतं, नातवाला टोचून आणल्यावर "ह्यात काही नाही हं, एकदम शुद्ध आहे" असं घरात म्हणू नये. लस चांगली आहे, ती घ्यावी, वेळेवर घ्यावी. पण ती शुद्ध नाही, ती उसनी आहे. मूल मोठं झालं की त्याला हे सांगता येतं. मुलांना वासराची गोष्ट कळते, आपल्याला वाटतं त्याच्या आधी कळते.

दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीला आपण दारोदार जाऊन क्षमा मागतो. जावेची, शेजारणीची, दुकानदाराची, सगळ्या जिवांची. 'सगळे जीव' म्हणताना डोळ्यांपुढे बहुधा कुणीच नसतं. यंदा तिथे नागपूरच्या बाजूची ती वीस माकडं आणि व्हॅक्सिन डेपोतली वासरं आणून बघा. त्यांच्याकडून उत्तर येणार नाही. पण नावानिशी मागितलेली क्षमा, पुढच्या वेळी हात जरा जपून चालवायला लावते.